समुद्रकाठच्या शहरातला चंद्र: कुठून पाहायचा, कसा टिपायचा (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

चंद्र पाहायला शहरातली सगळ्यात चांगली जागा कोणती?

बारा महिने चांगली ठरेल अशी एकच जागा कुठल्याच शहरात नसते. चंद्र उगवण्याची आणि मावळण्याची जागा रोज सरकते. म्हणून आधी तारीख ठरवायची, मग दिशा काढायची आणि जागा शेवटी शोधायची. बहुतेक जण नेमकं उलट करतात. आवडती जागा आधी पक्की करतात आणि चंद्र तिथे येईल अशी आशा धरून बसतात.

जागा निवडताना तीन गोष्टी बघा. त्या तारखेला चंद्र असेल त्या दिशेचं क्षितिज मोकळं आहे का? चंद्रासोबत जे दाखवायचं आहे (दीपगृह, मनोरा, पूल, गलबत) ते पुरेसं लांब आहे का? आणि ऐन वेळी डावी-उजवीकडे शंभरेक पावलं सरकायला वाव आहे का? प्रसिद्ध ‘पॉइंट’ तिसऱ्या गोष्टीत हमखास कमी पडतात. कठडा लावलेल्या चार फुटांच्या जागेत उभं राहिलं की चंद्र जिथे येईल तिथेच घ्यावा लागतो. त्यापेक्षा नाव नसलेली लांबलचक पुळण किंवा समुद्राकाठचा सरळ पदपथ कितीतरी कामाचा.

आमच्याकडे समुद्र पश्चिमेला आहे. पौर्णिमेचा चंद्र समुद्रातून वर येताना दिसेल का?

नाही. चंद्र पूर्वेलाच उगवतो, त्यामुळे पश्चिम किनाऱ्यावर तो शहराच्या मागून वर येतो. पण यात नुकसान नाही. पश्चिम किनाऱ्याला तीन संधी मिळतात.

पहिली पहाटेची. पौर्णिमेचा चंद्र साधारण सूर्योदयाच्या सुमारास समुद्रात मावळतो. त्या आधीच्या अर्ध्या तासात तो पाण्यावर दोन-चार अंशांवर असतो, आकाश निळसर-गुलाबी झालेलं असतं आणि किनारा बऱ्यापैकी रिकामा असतो.

दुसरी कोरीची. अमावास्येनंतर दुसऱ्या ते चौथ्या दिवशी संध्याकाळी बारीक कोर समुद्रावर असते आणि सूर्यास्तानंतर तास-दोन तासांत, चौथ्या दिवशी आणखी उशिरा, मावळते. विषुववृत्ताजवळच्या शहरांत ती आडवी, होडीसारखी दिसते. उत्तरेकडे जावं तशी ती उभी होत जाते.

तिसरी संधी आम्हाला सर्वांत मोलाची वाटते. पौर्णिमेच्या संध्याकाळी समुद्राकडे पाठ करून उभं राहा. पाण्यात पुढे घुसलेलं भूशिर, लाटा अडवणारा लांब बंधारा किंवा उपसागराचा पलीकडचा काठ अशा जागेवरून शहराकडे पाहिलं, तर उंच इमारतींच्या रांगेमागून चंद्र वर येतो. मध्ये दोन-चार किलोमीटर पाणी असल्याने समोर झाडं, तारा, खांब यांचा अडथळा राहत नाही. शहराच्या आत एवढं मोकळं अंतर मिळणं जवळपास अशक्य असतं.

आणि समुद्र पूर्वेला, दक्षिणेला किंवा उत्तरेला असेल तर?

पूर्व किनाऱ्यावर पौर्णिमेच्या आसपासची संध्याकाळ आणि वद्य त्रयोदशी-चतुर्दशीची पहाट या हक्काच्या वेळा. पहाटेची कोर सूर्य उगवण्याच्या तासभर आधी पाण्यावर दिसते.

समुद्र दक्षिणेला असेल आणि शहर उत्तर गोलार्धात, विषुववृत्तापासून बरंच दूर असेल, तर पौर्णिमेला मध्यरात्रीच्या सुमारास चंद्र समुद्राच्या बाजूलाच असतो. पाण्यावरच्या रुपेरी पट्ट्यासाठी ही जागा उत्तम. उत्तरेकडच्या किनाऱ्यावर चंद्र उगवताना किंवा मावळताना समुद्रावर मिळतो, पण त्याची दिशा बरीच उत्तरेकडे झुकलेली असेल तेव्हाच.

उगवण्याची नेमकी दिशा कशी काढायची?

दिशा अंशांत मोजतात: उत्तर ०, पूर्व ९०, दक्षिण १८०, पश्चिम २७०. याला दिगंश म्हणतात. चंद्र बरोबर ९० अंशांवर क्वचितच उगवतो. २० अक्षांशावरच्या शहरात तो जास्तीत जास्त ६० ते १२० अंशांमध्ये कुठेही उगवू शकतो. विषुववृत्तावर हा पट्टा सुमारे ६२ ते ११८, ३५ अक्षांशावर ५४ ते १२६ आणि ५० अक्षांशावर ४२ ते १३८ अंशांचा असतो.

हे आकडे पट्टा सर्वांत रुंद असतानाचे आहेत. चंद्राची कक्षा हळूहळू फिरते आणि १८.६ वर्षांत एक चक्र पूर्ण करते. २०२४-२५ मध्ये पट्टा सर्वांत रुंद होता. आता तो आक्रसत जाईल आणि २०३४ च्या सुमारास सर्वांत अरुंद होईल. तेव्हा २० अक्षांशावर चंद्र साधारण ७० ते ११० अंशांतच उगवेल. याचा अर्थ असा की पट्ट्याच्या अगदी टोकाला असलेलं एखादं दीपगृह चंद्राबरोबर जुळवायचं असेल तर टाळाटाळ करू नका. ती जुळणी पुढे काही वर्षं मिळणारच नाही.

हाताने काढायचं असेल तर पंचांगातून किंवा खगोलीय तक्त्यातून चंद्राची त्या वेळची क्रांती (आकाशातल्या विषुववृत्तापासून उत्तर-दक्षिण अंतर, अंशांत) घ्या. क्रांतीच्या साइनला अक्षांशाच्या कोसाइनने भागा. आलेली संख्या ज्या कोनाची कोसाइन असेल तो कोन म्हणजे दिगंश. रोजच्या वापराला स्टेलेरियम, फोटोपिल्स किंवा द फोटोग्राफर्स इफेमेरिस यांपैकी एक ॲप पुरतं. शेवटच्या दोन ॲपमध्ये नकाशावर उभं राहण्याची जागा ठेवली की चंद्राची रेघ दिसते.

एक खबरदारी घ्या. दिशा मोबाइलच्या होकायंत्रावर पक्की करू नका. लोखंडी कठडे, सळ्या घातलेलं काँक्रीट आणि गाड्या यांच्याजवळ ते सहज पाच-दहा अंश चुकतं. नकाशावर समोरची ओळखीची इमारत शोधायची आणि तिच्यापासून दिशा मोजायची.

गेल्या पौर्णिमेला जिथे दिसला तिथे या पौर्णिमेला का नाही?

पौर्णिमेचा चंद्र सूर्याच्या बरोबर विरुद्ध बाजूला असतो. त्यामुळे उत्तर गोलार्धात उन्हाळ्यातली पौर्णिमा आग्नेयेकडे उगवते आणि आकाशात खालूनच जाते. हिवाळ्यातली ईशान्येकडे उगवते आणि उंच चढते. मधल्या महिन्यांत उगवण्याचा बिंदू एका पौर्णिमेपासून दुसरीपर्यंत दहा अंशांहून जास्त सरकू शकतो. एकाच आठवड्यातही फरक मोठा पडतो. विषुवदिनांच्या आसपास पौर्णिमेचा चंद्र एका दिवसात पाच-सहा अंश सरकतो. म्हणजे काल पाहून ठेवलेली जागा आज चालेलच असं नाही.

दीपगृहाएवढा मोठा चंद्र हवा. किती लांब उभं राहायचं?

चंद्राचा आकाशातला व्यास साधारण अर्धा अंश. कुठलीही वस्तू तिच्या उंचीच्या सुमारे ११० पट अंतरावरून पाहिली की ती चंद्राएवढी दिसते. एवढं एक गणित पाठ असलं की निम्मं काम झालं. ३० मीटर उंचीचं दीपगृह ३.३ किलोमीटरवरून चंद्राएवढं दिसेल, १.७ मीटर उंचीचा माणूस सुमारे १९० मीटरवरून. दीपगृहाच्या दुप्पट मोठा चंद्र हवा असेल तर अंतर दुप्पट, म्हणजे ६.६ किलोमीटर.

लेन्स बदलून हे प्रमाण बदलत नाही. लेन्स फक्त चौकट लहान-मोठी करते. दीपगृहाच्या पायथ्याशी उभं राहून ६०० मि.मी. ची लांब लेन्स लावली तरी चंद्र त्याच्यापुढे बारीकच राहणार. लोकप्रिय जागांवरचे फोटो फिके पडण्याचं हे मुख्य कारण: त्या जागा वस्तूच्या फार जवळ असतात.

सेन्सरवर चंद्र किती मोठा पडेल हेही याच आकड्याने निघतं. फोकल लेंग्थला (लेन्सवर मि.मी. मध्ये लिहिलेल्या आकड्याला) ११० ने भागा. २०० मि.मी. ला चंद्र १.८ मि.मी., ४०० ला ३.६ मि.मी., ६०० ला ५.५ मि.मी. फुल फ्रेम (जुन्या ३५ मि.मी. फिल्मएवढा) सेन्सर २४ मि.मी. उंच असतो, त्यामुळे ४०० मि.मी. वरही चंद्र चौकटीच्या साधारण सातव्या हिश्श्याएवढाच येतो. दृश्यासकट फोटोसाठी हे प्रमाण छान दिसतं. २०० मि.मी. पेक्षा कमी असेल तर चंद्राला मुख्य विषय न करता कोपऱ्यातला दिवा म्हणून वापरा.

चंद्र नेमका मनोऱ्याच्या टोकावर कसा आणायचा?

इथेच बहुतेकांचं चुकतं, म्हणून जरा सविस्तर.

आधी मनोऱ्याचं टोक क्षितिजापासून किती अंश वर आहे ते काढा. १०० मीटर उंच मनोरा ३ किलोमीटरवर असेल तर टोक १.९ अंशांवर येतं. ॲपमध्ये जी वेळ हवी ती चंद्रोदयाची नाही, चंद्र १.९ अंशांवर पोचेल त्या क्षणाची. उगवल्यापासून तिथे यायला २० अक्षांशावर आठ-दहा मिनिटं लागतात, जास्त अक्षांशावर त्याहून अधिक.

चंद्र सरळ वर चढत नाही, तिरका चढतो. उत्तर गोलार्धात तो उजवीकडे सरकत वर जातो. पूर्वेजवळ उगवणारा चंद्र २० अक्षांशावर एक अंश चढताना सुमारे ०.३६ अंश उजवीकडे जातो, ४५ अक्षांशावर पूर्ण एक अंश. दक्षिण गोलार्धात हेच डावीकडे. म्हणून उगवण्याच्या दिशेवर मनोरा ठेवला तर चंद्र टोकापर्यंत पोचेतो बाजूला गेलेला असतो.

ऐन वेळी जुळत नसेल तर पाय हलवा. चंद्र मनोऱ्याच्या उजवीकडे दिसत असेल तर तुम्ही डावीकडे सरका. डावीकडे असेल तर उजवीकडे. मनोरा ३ किलोमीटरवर असताना एक अंश म्हणजे ५२ मीटर आणि चंद्राची पूर्ण रुंदी म्हणजे २७ मीटर. चंद्र आपल्या रुंदीएवढं अंतर दोन-सव्वादोन मिनिटांत कापतो, तेव्हा ट्रायपॉड उचलून तीस पावलं चालायला तेवढाच वेळ असतो. बॅग बंद ठेवा, ट्रायपॉडचे पाय लांब करूनच ठेवा, चालायची वाट दिवसा पाहून घ्या.

कोणत्या प्रकारच्या जागा खरंच कामाच्या?

लांब पुळण: सरकायला सर्वांत मोकळी, पण पाण्याच्या पातळीवर असल्याने जवळच्या लाटा चंद्रप्रकाशाचा पट्टा अडवतात आणि ओली वाळू ट्रायपॉड गिळते.

समुद्राकाठचा पदपथ: सपाट, सुरक्षित, लांब. त्रास दिव्यांचा. बाजूच्या दिव्याचा उजेड लेन्सवर पडतो तेव्हा काळ्या आकाशात धुरकट डाग येतात. दोन खांबांच्या मधोमध उभं राहा, लेन्स हूड लावा.

दगडी धक्का: उत्तम. भरीव दगडी धक्का स्थिर असतो. खांबांवर उभी जेटी मात्र प्रत्येक लाटेला आणि प्रत्येक पावलाला हलते. तिथे ४०० मि.मी. लावून सावकाश शटर वापरणं व्यर्थ.

पूल: तीच अडचण, वाहनांमुळे आणखी जास्त. पूल पायाखाली ठेवण्यापेक्षा समोर ठेवावा. लांबून चंद्राबरोबर फार देखणा दिसतो.

टेकडी किंवा किल्ल्याची तटबंदी: बोटींच्या आणि पदपथाच्या दिव्यांवरून नजर जाते, पाण्यावरचा पट्टा अखंड दिसतो. डोळे पाण्यापासून २ मीटरवर असतील तर क्षितिज सुमारे ५ किलोमीटरवर असतं, २५ मीटरवर असतील तर १८ किलोमीटरवर.

इमारतीची गच्ची: दिवसभर तापलेलं काँक्रीट रात्री उशिरापर्यंत उष्णता सोडतं आणि चंद्राची कड उकळल्यासारखी थरथरते. गच्चीवर जायचं तर मध्यरात्रीनंतर, नाहीतर पहाटे.

खाडीचं मुख: पाणी शांत, प्रतिबिंब स्वच्छ. आमच्या मते सर्वांत दुर्लक्षित जागा.

पौर्णिमेलाच जावं का?

दृश्यासकट फोटो हवा असेल तर आदल्या दिवशी जा. चंद्र रोज सरासरी ५० मिनिटं उशिरा उगवतो. पौर्णिमेला तो सूर्यास्ताच्या सुमारास उगवतो, म्हणजे चतुर्दशीला सूर्यास्ताच्या पाऊण तास आधी. सूर्य मावळल्यावर पंधरा-वीस मिनिटांनी तो बऱ्यापैकी वर आलेला असतो आणि जमिनीवर अजून प्रकाश असतो. दोन्हींचा उजेड सारखा असण्याची ही छोटी वेळ. पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी चंद्र अंधारात उगवतो; चंद्र बरोबर आला तर शहर काळं आणि शहर आलं तर चंद्र नुसता पांढरा ठिपका.

पश्चिम किनाऱ्यावर पहाटेसाठी पौर्णिमेच्या लगतची सकाळ घ्या. चंद्रोदय-चंद्रास्त आणि सूर्योदय-सूर्यास्त यांच्या वेळा समोरासमोर मांडून पाहा. पौर्णिमेचा क्षण दिवसा असेल तर फरक अर्ध्या दिवसाने इकडे-तिकडे होतो.

खड्डे, डोंगर, सावल्या पाहायच्या असतील तर पौर्णिमा सर्वांत वाईट. समोरून प्रकाश पडतो आणि सगळं सपाट दिसतं. शुद्ध सप्तमी ते दशमी घ्या.

वेळ बरोबर होती, आकाशात ढग नव्हते, तरी चंद्र दिसला नाही. का?

समुद्रावरच्या हवेत बाष्प, मिठाचे कण आणि धूर असतो. क्षितिजाजवळ पाहताना या थरातून फार लांबवर नजर जाते. पहिले एक ते तीन अंश चंद्र त्यात पार बुडालेला असू शकतो, म्हणजे पाच ते पंधरा मिनिटं काहीच दिसत नाही. मग अचानक मंद लाल तबकडी हवेत तरंगताना दिसते. घाईने निघून जाऊ नका. पाऊस पडून हवा धुतली गेल्यावरची संध्याकाळ याला अपवाद असते. तेव्हा चंद्र थेट पाण्यातून निघताना दिसतो.

आदल्या संध्याकाळी सूर्य मावळताना पाहून ठेवा. सूर्य क्षितिजाच्या आधीच धुक्यात विरला तर उद्या चंद्राचंही तेच होण्याची शक्यता मोठी.

क्षितिजावर चंद्र मोठा, लाल आणि चपटा का दिसतो?

मोठा तो फक्त भासतो. मोजलं तर क्षितिजावरचा चंद्र डोक्यावरच्या चंद्रापेक्षा किंचित लहानच भरतो, कारण तेव्हा तो आपल्यापासून पृथ्वीच्या जवळजवळ एका त्रिज्येएवढा, म्हणजे सुमारे ६,४०० किलोमीटर जास्त दूर असतो.

लाल रंग खरा आहे. लांबच्या हवेच्या प्रवासात निळा प्रकाश विखुरला जातो. चपटेपणाही खरा: हवेमुळे प्रकाश वाकतो आणि चंद्राची खालची कड वरच्या कडेपेक्षा जास्त उचलली जाते. त्यामुळे उंची जवळपास एक-षष्ठांशाने कमी दिसते. समुद्रातून नुकताच वर आलेला आख्खा चंद्र तुम्ही पाहता तेव्हा, हवा नसती तर, तो अजून क्षितिजाखाली असता.

‘सुपरमून’ आणि सर्वांत लहान पौर्णिमा यांच्या व्यासात सुमारे १४ टक्के फरक असतो. एकट्या चंद्राकडे पाहून तो ओळखू येत नाही. त्यासाठी जागेची किंवा तारखेची ओढाताण करण्यात अर्थ नाही.

सेटिंग कुठून सुरू करायची?

मॅन्युअल मोड, रॉ फाइल (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली), व्हाइट बॅलन्स (रंगछटेचं सेटिंग) ‘डेलाइट’. ऑटो व्हाइट बॅलन्स उगवत्या चंद्राचा तांबूस रंग पुसून टाकतो.

उंच आलेला पूर्ण चंद्र: आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १००, लेन्सचं छिद्र एफ/११, शटर १/१०० सेकंद. चंद्रावर ऊनच पडलेलं असतं, म्हणून हे आकडे दिवसासारखे आहेत. तीन-चतुर्थांश चंद्राला एफ/८, अर्ध्या चंद्राला एफ/५.६, कोरीला एफ/४, बाकी तेच.

क्षितिजापासून दोन-तीन अंशांवरचा चंद्र, संधिप्रकाशात: आयएसओ ४००, एफ/८, १/१२५ पासून सुरुवात. तो वर चढेल तसा झपाट्याने उजळतो, म्हणून दर दोन मिनिटांनी हिस्टोग्राम (फोटोतल्या उजेड-अंधाराचा आलेख) पाहा आणि शटर वाढवत न्या. चंद्राच्या आतले डाग दिसत राहिले पाहिजेत, ही कसोटी.

कोरीचा अंधारा भाग मंद उजळलेला दिसतो तो पृथ्वीवरून परावर्तित झालेल्या प्रकाशाने. तो टिपायला आयएसओ ८००, एफ/४, पाव ते एक सेकंद.

पूर्ण चंद्राच्या उजेडात किनारा आणि लाटा (चंद्र चौकटीबाहेर): आयएसओ ८००, एफ/४, सुमारे १० सेकंद.

चंद्र दर वेळी नुसता पांढरा गोळा येतो. काय चुकतंय?

कॅमेरा काळ्या आकाशाची सरासरी काढतो आणि प्रकाश वाढवतो. मीटरिंग (प्रकाश मोजण्याची पद्धत) ‘स्पॉट’वर, म्हणजे चौकटीतल्या छोट्या भागावर, ठेवा किंवा वरचे आकडे हाताने लावा. पूर्ण अंधारात शहर आणि चंद्र एकाच फोटोत नीट येणं शक्य नाही. त्यासाठी दोन वेगवेगळे फोटो जोडावे लागतात आणि मग तो जोडलेला फोटो आहे असं लिहावं. आम्ही मात्र चतुर्दशीच्या संधिप्रकाशाचीच शिफारस करू.

चंद्र आणि समोरची वस्तू दोन्ही शार्प का येत नाहीत?

लांब लेन्सला वस्तू फारच दूर हवी असते. फुल फ्रेमवर ४०० मि.मी. आणि एफ/८ असताना अनंतावर फोकस केला तर सुमारे ६७० मीटरपासून पुढचं सगळं स्वच्छ येतं. ६०० मि.मी. ला हे अंतर दीड किलोमीटर होतं. तीन किलोमीटरवरचं दीपगृह असेल तर चिंताच नाही. १९० मीटरवर उभ्या माणसाला चंद्रात बसवायचं असेल तर ४०० मि.मी. वर एफ/१६ लावा आणि सुमारे ३३० मीटरवरच्या एखाद्या वस्तूवर फोकस करा. साधारण १६५ मीटरपासून चंद्रापर्यंत बऱ्यापैकी नीट येईल.

फोकस लाइव्ह व्ह्यूमध्ये (कॅमेऱ्याच्या पडद्यावर) दहापट मोठं करून हाताने करा. लेन्सवरच्या अनंताच्या खुणेवर विसंबू नका. पुष्कळ लेन्स तिच्याही पुढे फिरतात. फोकस झाला की चिकटपट्टी लावून रिंग बांधून टाका.

ट्रायपॉड असूनही फोटो हललेला येतो.

वाऱ्याने बहुधा. मधला दांडा खाली घ्या, पाय रुंद करा, बॅग खाली अडकवा, पण ती झुलू देऊ नका. तळ जमिनीला टेकला पाहिजे. लेन्सचं कंप-नियंत्रण ट्रायपॉडवर बंद करा, दोन सेकंदांचा टायमर लावा, कॅमेऱ्याचा गळपट्टा काढून ठेवा. तो फडफडतो.

चंद्राची स्वतःची चाल वेगळी. ४०० मि.मी. वर तो सेन्सरवर सेकंदाला सुमारे ०.०३ मि.मी. सरकतो, म्हणजे पाच पिक्सेल. कोरीचा अंधारा भाग आणि ग्रहण सोडलं तर १/१० पेक्षा सावकाश शटर नको. वाऱ्यात १/१२५ च्या वरच राहा.

फक्त मोबाइल आहे.

‘नाइट मोड’ बंद करा. टेलिफोटो कॅमेरा असेल तर तो निवडा, बोटाने ताणलेला झूम नको. चंद्रावर बोट दाबून धरा म्हणजे फोकस आणि प्रकाश दोन्ही बांधले जातील, मग प्रकाशाची पट्टी खाली ओढा. फोन कठड्याला टेकवा, टायमर लावा. काही फोन चंद्र ओळखून त्यात स्वतःहून तपशील भरतात. खरा चंद्र हवा असेल तर कॅमेऱ्यातली ती सोय बंद करा.

मोबाइलची खरी ताकद चंद्राचा पट्टा, ओली वाळू आणि माणसांच्या आकृत्या असलेल्या रुंद दृश्यात आहे. खड्डे टिपायचे तर दुर्बिणीच्या नळीला फोन पकडून धरणारा अडॅप्टर घ्या.

पाण्यावरचा रुपेरी पट्टा कधी सर्वांत चांगला दिसतो?

चंद्र १० ते २५ अंशांवर असताना. अगदी क्षितिजावरचा लाल चंद्र इतका मंद असतो की पट्टा फार फिका पडतो. खूप वर गेला की पट्टा तुमच्या पायाजवळ आखूड आणि पसरट होतो. शांत पाण्यावर तो अरुंद आणि ठळक असतो, खवळलेल्या पाण्यावर रुंद आणि फिका. थोड्या उंचीवरून पाहिलं तर लाटांच्या पाठी आड येत नाहीत. चमचम टिपायची तर १/६० च्या आसपास, साय धरल्यासारखं मऊ पाणी हवं तर चार सेकंदांहून जास्त; मधल्या वेगांवर पाणी नुसतं गढूळ दिसतं.

भरती-ओहोटीचा हिशोब कसा ठेवायचा?

पौर्णिमा आणि अमावास्येच्या आसपास उधाण असतं. भरतीचं पाणी सर्वांत वर आणि ओहोटीचं सर्वांत खाली जातं, बहुधा तिथीनंतर एक-दोन दिवसांनी. याचाच एक फायदा फार कमी लोक घेतात. दिवसातून दोनदा भरती येणाऱ्या बंदरात पौर्णिमेची भरती दर वेळी घड्याळाच्या साधारण त्याच सुमाराला येते. म्हणून एखाद्या शहरात पौर्णिमेच्या चंद्रोदयाला नेहमी ओहोटी सापडते, तर दुसऱ्यात नेहमी भरती. तुमच्या बंदराचं भरतीचं वेळापत्रक एकदा पाहा. पुढच्या सगळ्या पौर्णिमांचा अंदाज बांधता येतो.

चंद्रोदयाला ओहोटी असेल तर ओल्या वाळूत प्रतिबिंब मिळतं. भरती असेल तर पुळण विसरा, धक्क्यावर जा.

खडकांवर उभं राहणार असाल तर हे नीट लक्षात ठेवा: भरती-ओहोटीतलं अंतर साधारण सहा तासांचं, पण पाणी एकसारखं चढत नाही. पहिल्या तासात एकूण चढाचा बारावा भाग, दुसऱ्यात दोन, तिसऱ्या आणि चौथ्या तासात तीन-तीन भाग चढतात. ओहोटीला आरामात गेलेली वाट तिसऱ्या तासात अचानक पाण्याखाली जाते आणि अंधारात ते कळत नाही. परतीची वेळ आधी ठरवा, एकाने कॅमेऱ्यात डोळा घातला असेल तेव्हा दुसऱ्याने समुद्राकडे पाहावं.

खारी हवा आणि वाळू यांपासून सामान कसं वाचवायचं?

लेन्सवर तुषार सुकले की मिठाचे कण उरतात. कोरड्या कापडाने घासलं तर ओरखडे पडतात. आधी फुंकणीने हवा मारा, मग गोड्या पाण्यात किंचित ओलसर केलेल्या मऊ कापडाने टिपा, शेवटी कोरड्याने. ट्रायपॉडचा सर्वांत खालचा भाग नेहमी थोडा बाहेर काढून ठेवा, म्हणजे सांधा वाळूत जात नाही. घरी आल्यावर पाय उघडून गोड्या पाण्याने धुवा आणि उघडेच वाळू द्या.

वातानुकूलित खोलीतून थेट दमट किनाऱ्यावर आलात तर काचेवर बाष्प धरतं आणि पुसलं तरी पुन्हा येतं. कॅमेरा बंद पिशवीत ठेवूनच बाहेर आणा आणि अर्धा तास तसाच राहू द्या. चंद्रोदयाच्या तासभर आधी पोचायचं हे एक कारण.

फोटो नको, फक्त पाहायचं आहे.

मग १०×५० ची (दहापट मोठं दाखवणारी, ५० मि.मी. भिंगांची) द्विनेत्री पुरेशी. कठड्यावर कोपर टेकवा. पौर्णिमेला दक्षिणेकडच्या टायको विवरापासून निघालेले पांढरे किरण ठळक दिसतात. शुद्ध नवमी-दशमीला उजेड-अंधाराच्या सीमेजवळ ९३ किलोमीटर व्यासाचं कोपर्निकस विवर उठून दिसतं. चंद्राभोवती मोठं खळं दिसलं तर ते उंच ढगांतल्या बर्फाच्या स्फटिकांमुळे असतं आणि त्याची त्रिज्या २२ अंश असते. टिपायचं झाल्यास फुल फ्रेमवर २४ मि.मी. लेन्समध्ये ते पूर्ण मावतं.

चंद्रग्रहणासाठी वेगळं काही?

३१ डिसेंबर २०२८, २६ जून २०२९ आणि २० डिसेंबर २०२९ ही खग्रास चंद्रग्रहणं आहेत. तुमच्या शहरातून ग्रहणाचा कोणता टप्पा क्षितिजावर येतो ते आधी पाहा. ग्रहणातच उगवणारा किंवा मावळणारा चंद्र समुद्रावरच्या धुरकट हवेत जवळजवळ दिसेनासा होतो, तेव्हा उंच जागा आणि स्वच्छ हवा दोन्ही हव्यात. खग्रास अवस्थेत चंद्र हजारो पटींनी मंद होतो: आयएसओ १६००, एफ/५.६, अर्धा ते एक सेकंद पासून सुरुवात करा. डोळ्यांना कसलाही धोका नाही, कोणतंही गाळणं लागत नाही.

परवानगी लागते का?

सार्वजनिक पुळणीवर आणि पदपथावर सहसा नाही. बंदराचा आवार, नौदलाची हद्द, दीपगृह, मासेमारी धक्का आणि संरक्षित स्मारकं इथले नियम वेगळे असतात. काही ठिकाणी हातातल्या कॅमेऱ्याला हरकत नसते पण ट्रायपॉडला असते, आणि ड्रोनसाठी तर बऱ्याच ठिकाणी स्वतंत्र परवाना लागतो. सूर्यास्तानंतर फाटक किती वाजता बंद होतं हे दिवसाच विचारून ठेवा. चंद्र सहसा त्यानंतरच नीट वर आलेला असतो.